पंचफुला, वय सात

माइकवर ‘हॅलो हॅलो, वन टू थ्री’ म्हणत बसणं मोनालीला पटत नसे. यवतमाळच्या बायपासला झालेल्या नव्या फुटबॉल स्टेडियमची ती निवेदिका होती, आणि रिकाम्या गॅलऱ्यांवर आवाज तपासायचा तर हरवलेल्या लेकराची घोषणा करावी, पार टोकाचा माणूसही कान देतो, असं तिचं ठाम मत होतं. आता खोटंनाटं लेकरू आणायचं कुठून? निवेदनाच्या केबिनमध्ये तिची लेक स्पृहा खुर्चीवर पाय हलवत बसलेली असे, तिचंच वर्णन ती ठोकून देई. पिवळा फ्रॉक, हनुवटीवर तीळ, डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला. नाव तेवढं जुनाट, आजकाल कुणी ठेवत नाही असं.

“बाभुळगावची पंचफुला, वय सात, हरवली आहे. आईने तीन नंबरच्या गेटवर यावं.”

समोरच्या गॅलरीतून साउंडवाला रोशन हात वर करी. म्हणजे आवाज पोचला.

अंतिम सामन्याच्या दुपारी रोशनचा हात वर झाला आणि लगेच गेटवरच्या खेमसिंगचा फोन आला.

“मॅडम, पोरीची माय आली हाय. बाभुळगाववरून एसटीनं आली म्हणते.”

घोषणा होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. कुणीतरी थट्टा करतंय असं समजून मोनाली खाली गेली. गेटच्या आत एक नीटनेटकी बाई उभी होती, एका हातात एसटीचं तिकीट आणि दुसऱ्या हातात लहान मापाची नवीकोरी चप्पल, फक्त डाव्या पायाची.

“माई, ते खोटं होतं,” मोनाली ओशाळून म्हणाली. “कोणी हरवलं नाही. वर्णन माह्या पोरीचं हाय.”

बाईने शांतपणे तिच्याकडे पाहिलं. “मंग नाव काहून दुसरं घेतलं?”

स्पृहा वर एकटीच आहे, हे मोनालीला आठवलं. ती धावतच जिना चढली. केबिनमधली खुर्ची रिकामी होती. काचेपलीकडे, थेट समोरच्या गॅलरीत, पिवळा फ्रॉक तुटक्या चपलेचा पाय ओढत पायऱ्यांमधून चालला होता. रोशन वायरी गुंडाळायला कधीच खाली गेला होता. दहा मिनिटांत गेटं उघडणार, बाहेर हजारो माणसं खोळंबलेली, त्या लोंढ्यात लेकरू सापडायचं कसं? आयुष्यात कधी घाबरली नव्हती एवढी मोनाली घाबरली.

“स्पृहा!” माइकवरून तिने हाक मारली. सगळं स्टेडियम त्या नावाने भरून गेलं. मुलीने मान वळवली नाही. दुसऱ्या हाकेला नाही, तिसऱ्या हाकेलाही नाही.

मोनालीच्या ओठांवर ते दुसरं नाव आलं. नको, नको म्हणत तिने ते घेतलं.

“पंचफुला.”

मुलगी थांबली. वळली, पण केबिनकडे नाही, तीन नंबरच्या गेटकडे. आणि तिथे उभ्या असलेल्या त्या बाईने, आवाज पोचला म्हणून, हात वर केला.