पलीकडचं खणणं

विहीरवाल्याने ओल्या भिंतीला कान लावला आणि डावा हात वर केला. मागचे चौघं जागच्या जागी थांबले. कुणी नाकसुद्धा ओढलं नाही.

जमिनीखाली चाळीस हात. युद्धाआधी तो विहिरी खणायचा, म्हणून सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. आता तो शत्रूच्या छावणीखाली बोगदा खणत होता आणि समोरून शत्रूही त्यांच्याकडे खणत येत होता. जो आधी पोहोचेल तो सुरुंग लावणार. त्यामुळे विहीरवाल्याच्या कुदळीपेक्षा त्याच्या कानाला भाव जास्त.

"किती लांब?" कप्तानाने कुजबुजत विचारलं.

"तीनेक हात. पण साहेब, हे खणणं वेगळंय."

"म्हणजे?"

"कुदळ नाही वाजत. हातांनी ओरबाडताहेत. छत बसलंय त्यांचं. मागची वाट बुजली असणार, म्हणून इकडे येताहेत."

कप्तान भिंतीकडे पाहत राहिला. वयाने तो विहीरवाल्याहून दहा वर्षं लहान. एरवी थट्टामस्करीत सगळ्यांना गुंगवून ठेवायचा.

"हवा किती पुरेल?"

"उद्या सकाळपर्यंत. फार तर."

"मग सुरुंग कशाला वाया घालवायचा?" कप्तान म्हणाला. "इथंच बस. आवाज थांबला की सांग."

बाकीचे मागे सरले. सोबतीला त्याचा साडू तेवढा राहिला. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते.

विहीरवाला ऐकत बसला. पलीकडे तिघं होते. त्यातला एक मधूनमधून एकच शब्द म्हणायचा. भाषा कळत नव्हती. पण एकदा विहिरीची कड ढासळून तो स्वतः गळ्यापर्यंत गाडला गेला होता, तेव्हा त्यानेही असाच एक शब्द धरून ठेवला होता. त्याने भिंतीपासून कान काढला. तास भरायच्या आत तो उठला आणि कप्तानासमोर जाऊन उभा राहिला.

"थांबलं, साहेब."

"नक्की?"

"नक्की."

कप्तानाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं.

"बरं. सगळे वर जा, जेवून घ्या. खाली मी थांबतो."

शिडी चढताना साडू म्हणाला, "एवढ्यात थांबलं होय?"

"थांबलं म्हटलं ना."

"मला तर अजून ऐकू येत होतं."

"मग तूच बसायचंस कान लावून!" विहीरवाला खेकसला. जेवायला बसला तेव्हा त्याने दोन घास चिवडले आणि ताट सारलं.

सकाळी दोघं पहिल्या पाळीला खाली उतरले. भिंतीत ताटलीएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून एक हात कोपरापर्यंत बाहेर आला होता. साडूने बोटांना स्पर्श केला आणि चटकन हात मागे घेतला. गार होती.

"पोचलेच होते की रे," तो पुटपुटला.

विहीरवाल्याने कंदील जवळ नेला. हातामागे त्यांचं छत पुन्हा ढासळलं होतं. भोकाच्या कडेला नखांचे ओरखडे होते. त्यात नवल नव्हतं. पण ओरखडे अलीकडच्या बाजूलाही होते. माणसाचे खांदे मावतील एवढी खोबण इकडून कोरत नेली होती, कुदळ न लावता. मातीचा ढीग इकडेच पडला होता, त्यांच्या पायांशी.

मागे पावलं वाजली. कप्तान आला होता. डोळे लाल, आवाज मात्र रोजचाच.

"हात आत सारा. भोक बुजवून टाका."

त्याने कंदील मागितला. तो उजेडाजवळ येताच त्याची बोटं दिसली. तीन नखं मुळापासून उचकटली होती. उरलेल्यांत ओली माती गच्च भरली होती.

विहीरवाला त्या बोटांवरून नजर काढू शकला नाही.

"काय बघतोस?" कप्तान म्हणाला. "माती आण."

साडूने पाटी उचलली. विहीरवाल्याने आपले दोन्ही हात खिशात घातले.