चिंधीच्या ओळी

आरतीने कोबीच्या दोन ओळींच्या टोकांना लाल चिंध्या बांधल्या होत्या. या ओळी मोकळ्या, त्यांच्यावर काहीही मारायचं नाही, हे तिने सासऱ्यांना, कुंडलिकअण्णांना, तीनदा बजावलं होतं. शेजारच्या दोन ओळींवर ती ऊन उतरल्यावर साबणाच्या पाण्यात फेटलेलं गवती चहाचं तेल फवारत होती. फरक दिसला तरच पुढच्या लागणीपासून विषारी औषध बंद, ही अट अण्णांचीच. गेल्या वर्षी फवारता फवारता ते बांधावर कोसळले होते. तेव्हापासून त्यांच्या पाठीवरचा पंप उतरवायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ही तिसरी खेप होती. पहिल्या वेळी मोकळ्या ओळींतल्या अळ्या अण्णांनी हाताने वेचल्या. दुसऱ्या वेळी रोजाच्या माणसाने सगळंच शेत फवारलं. त्याला चिंध्यांचं सांगायला अण्णा विसरले होते.

आठव्या दिवशी तिने मोजणी केली. तेलाच्या ओळींत वीस गड्ड्यांवर चार अळ्या. चिंधीच्या ओळींत तीन. तिने पुन्हा मोजलं. तीनच. मग एक पान नाकाशी नेलं आणि वही मिटली.

अण्णा बांधावर बसून डोळ्यांवर पाणी मारत होते.

"कधी मारलं औषध?" तिने विचारलं.

अण्णांनी आधी वाऱ्यावर ढकललं, मग शेजाऱ्यावर. शेवटी परवाचं कबूल केलं. ओतूरच्या बाजाराला जाणारी माणसं रस्त्यावरून बघतात. खोडदच्या व्याह्यांनी तर विचारलं, या दोन ओळींनी तुमचं काय घोडं मारलंय.

"डोळ्यादेखत पीक खाऊ द्यायचं? मला न्हाई बघवत."

"आणि तोंडाला फडकं?"

"दोनच तर ओळी व्हत्या."

आरतीने वही त्यांच्यापुढे धरली. "तेल चार, औषध तीन. एका अळीसाठी डोळे सुजवून घेतलेत, अण्णा."

त्यांनी आकडे दोनदा वाचले. "म्हंजी तेल चालतंय?"

"मोकळ्या ओळी मोकळ्या राहिल्या असत्या, तर सांगता आलं असतं."

अण्णांनी वही तिच्याकडे सरकवली. मग म्हणाले, पुढच्या लागणीत दोन ओळी ठेव, पण रस्त्याकडेला नको, आतल्या अंगाला ठेव. आरतीने शेजारी पडलेला पंप उचलला आणि तो कुलपात जाणार असल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती चार पावलं गेली असेल.

"आरते," त्यांनी मागून हाक दिली, "गोठ्यात माळ्यावर जुना पंप हाय. त्यो बी घेऊन जा."