निळ्या मुठीची फाइल

धाड गावाच्या आसपास सोयरीक पक्की व्हायची ती उकंडरावांच्या डाव्या दाढेखाली. दुसरे लोक साखरपुड्याची सुपारी अडकित्त्यानं फोडतात; उकंडराव दाढेनं फोडायचे. आवाज असा निघायचा, की धाडच्या स्टँडवर एसटीचा ड्रायव्हर टायर फुटलं समजून खाली उतरायचा. माणसाच्या अंगात दुसरा गुण नव्हता, म्हणून एवढी दाढ तो गावोगाव मिरवत होता.

नात पूनमची सुपारी तोंडावर आली आणि नेमकी तीच दाढ ठणकायला लागली. उकंडरावांना लग्नाची फिकीर नव्हती. घरची सुपारी दुसऱ्या कोणी फोडली तर आपल्याला विचारतो कोण, हा घोर होता. शेवटी बायकोनं, शालूबाईनं, त्यांना धाडला दाताच्या डॉक्टर महामाया यांच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

डॉक्टरांनी भूल दिली, दाढेला वरून भोक पाडलं. शेजारी स्पंजात बारीक सुया टोचून उभ्या होत्या, प्रत्येकीची मूठ वेगळ्या रंगाची.

"ह्या फाइली, काका. मुळातली नळी सडली तुमची. आधी बारीक, मंग तिच्याहून जाड, असं घासत घासत साफ करायचं."

पांढरी आत गेली. पिवळी गेली; हळदीचा रंग म्हणून उकंडराव मनात खूश झाले. लाल गेली; कुंकवाची म्हणून तीही चालली. मग महामायांनी निळी उचलली आणि उकंडरावांनी जबडा असा मिटला, की बाईंचं बोट थोडक्यात वाचलं.

"ते नाही!"

"काऊन?"

"तो तुमचा रंग, बाई. आमच्या घरात त्या रंगाची बादली बी नाही."

शालूबाईनं कपाळावर हात मारला.

"काका, जाडी ओळखू यावी म्हणून कंपनी रंग देते," महामाया म्हणाल्या. "घरून इथवर निळ्या आभाळाखालूनच आले ना? का छत्री धरली होती?"

"आभाळ मी तोंडात घालत नाही."

"मंग पुढची हिरवी हाये."

"हट्! अन् काळी तर बिलकुलच नाही, घरात मंगलकार्य हाये. भगवी नाही का?"

"भगवी नाही माझ्याकडं. लालवर थांबलं तर घाण आतच राहील. मूळ रुंद हाये तुमचं."

"आमच्या मुळाचं मले नका सांगू. लई जुनं हाये ते!"

महामायांनी औषध भरलं, वरून कच्चं सिमेंट लावलं. "निळीची तयारी झाली की या. तोवर सुपारी दाताखाली धरू नका."

गावात उकंडरावांनी सांगितलं, डॉक्टरीण हात जोडून मागं सरली.

सुपारीच्या दिवशी पाव्हण्यांसमोर त्यांनी सुपारी दाढेखाली घेतली अन् दाबली. आवाज झाला, पण तो उकंडरावांचा. स्टँडवरचा ड्रायव्हर ह्या वेळी गाडी सोडून पळाला. सुपारी शाबूत, आणि गाल चहा येईपर्यंत खांद्याला टेकला. शालूबाईनं कमरेचा अडकित्ता काढला. खट्!

"झाली सुपारी. पेढे वाटा."

टाळ्या वाजल्या. दाढेचं काय झालं, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

पाव्हण्यांच्याच जीपमधून उकंडरावांना धाडला आणलं. एका सीटवर ते, दुसरीवर गाल. खुर्चीत पडताच त्यांनी डोळे मिटले.

"मी पाहत नाही, बाई. कोणती बी घाला."

"नाही काका. डोळे उघडा. पांढरी, पिवळी, लाल घालते पुन्हा. त्याच्यापुढची तुमी बोटानं दाखवायची."

"दाखवा ना लवकर," शालूबाई म्हणाली. "पाव्हणे बाहेरून पाहून राह्यले. दरवाजा काचेचा हाये."

उकंडरावांचं बोट वर आलं. पांढरीवरून सरकलं, पिवळीवरून सरकलं, लालवर येऊन थांबलं. मग गालात एक कळ अशी आली, की बोट आपोआप पुढं गेलं आणि निळ्या मुठीला टेकलं.

"आता आ करा," महामाया म्हणाल्या.