फिलोमेनानं सोडलेली कॉफी

कास्तेलवेंतोत फुटबॉलच्या सर्वांत वरच्या विभागाचं नाव कुणी तोंडानं घेत नसे. घेतलं की दृष्ट लागते, हे तिथल्या पोरांना आईच्या दुधाबरोबरच कळायचं. बोलायचंच झालं तर तर्जनी आभाळाकडे करायची आणि म्हणायचं, "तिथं." लिंबाच्या बागा नि समुद्र यांच्यामध्ये चेंगरलेलं ते गाव. त्याचा पिवळ्या-हिरव्या कपड्यांतला संघ कधी तिसऱ्या विभागात, कधी दुसऱ्यात, असा जिन्याच्या मधल्या पायऱ्यांवरच वर-खाली करत राहायचा. माडीवर त्याला कुणी कधी बोलावलं नव्हतं.

फिलोमेना गावच्या मैदानावर फ्रॉक घालत होती तेव्हापासून जाई. वडील टोमॅटोचं रिकामं खोकं उलटं घालून तिला त्यावर उभं करत. प्रेक्षकांच्या तिसऱ्या पायरीवर शेजारी साव्हेरिओ नावाचा एक मुलगा उभा असे. पुढे त्याच्याशीच तिचं लग्न झालं. दर रविवारी दुपारी तीनला सामना. त्याआधी सकाळची प्रार्थना, मग घरी मोठं पातेलंभर पास्ता, मग अंगातला चांगला कोट तसाच ठेवून मैदान. भिंतीपलीकडे अंजिराचं झाड होतं, त्याच्या फांद्या कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत वाकलेल्या. खारवलेले लुपिनीचे दाणे कागदाच्या पुडीतून खायचे, सालं पुढच्याच्या टोपीवर पडायची, पुढचा मागे वळून शिव्या द्यायचा, आणि गोल झाला की त्याच माणसाच्या गळ्यात पडायचं.

साव्हेरिओ गेला. त्याची जागा मात्र गेली नाही. तिसऱ्या पायरीवर एकीकडे फिलोमेना, दुसरीकडे तिचा धाकटा दीर गेरार्दो, आणि मध्ये एक माणूसभर मोकळी जागा. मैदान कितीही भरलं तरी तिथं कुणी पाय ठेवत नसे.

त्याच वर्षी तिनं मरियामातेला नवस बोलला होता. आमची पोरं तिथं जाईपर्यंत कॉफी सोडली. त्या गावात माणूस मीठ सोडील पण कॉफी सोडणार नाही, त्यामुळे ही गोष्ट लपून राहण्यासारखी नव्हती. सामना संपला की सगळे चौकातल्या पास्क्वालेच्या बारमध्ये जमायचे. सगळ्यांपुढे कॉफी यायची आणि फिलोमेनापुढे भाजलेल्या जवाचं काळं पाणी.

"दोन्ना फिलोमेना, आज तीन गोल खाल्लेत आपण," पास्क्वाले म्हणायचा; मानाच्या बाईला गावात 'दोन्ना' म्हणत. "या गतीनं तुम्हाला कॉफी स्वर्गातच मिळायची."

"तिथली चांगली असेल," ती हळूच म्हणायची. "मशीन घासतात म्हणे तिथं."

बार हसायचा. नऊ वर्षं ती ते जवाचं पाणी प्यायली, आणि एकदाही तिला ते जड गेलं नाही. सकाळी दुसऱ्यांच्या कपांचा वास आला की तिला आपलं मागणं आठवे, आणि मागणं आठवलं की रविवार आठवे. उपासानं पोट रिकामं होतं पण दिवस भरलेला राहतो, तसं.

आणि एका जून महिन्यात पोरं खरंच तिथं गेली.

त्या दिवशी चर्चच्या घंटा इतक्या वाजल्या की एकीचा दोर तुटला. गेरार्दो, आयुष्यभर खाटीकखान्यात उभं राहून गुडघे गेलेला माणूस, चौकातल्या कारंज्यात कपड्यांसकट उतरला आणि वर यायला चार माणसं लागली. फिलोमेना बारमध्ये आली तेव्हा गर्दी दुभंगली. पास्क्वालेनं स्वतः कप धुतला, पुसला, पुन्हा धुतला. तिनं क्रूसाची खूण केली आणि पहिला घोट घेतला. कडू, गरम, दाट. डोळ्यांत पाणी आलं. लोक टाळ्या वाजवत होते.

कप खाली ठेवला आणि तिला वाटलं, आता उद्या काय मागायचं?

उत्तर उन्हाळ्यानंच दिलं. मोजपट्ट्या घेऊन माणसं आली. मैदान लहान, दिवे कमी, पायऱ्यांवर खुर्च्या नाहीत. वरच्या विभागाला असलं मैदान चालत नाही म्हणाले. गावाचा संघ आपले घरचे सामने दोन तासांवरच्या शहरात खेळू लागला, कधी शुक्रवारी संध्याकाळी, कधी सोमवारी. फिलोमेना दोनदा गेली. प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर आकडा, शेजारी अनोळखी माणूस. मध्ये मोकळी जागा ठेवायला तिथं कुणाला सांगणार? उत्तरेतला पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतला एक मोठा, नावाजलेला संघ आला त्या दिवशी तर अर्धं गाव त्यांचेच गळपट्टे बांधून बसलं होतं. त्यात गेरार्दोचा सख्खा मुलगाही.

"बाबा, आपला संघ तर आहेच की," तो म्हणाला. "पण हे रोज थोडेच येतात!"

गेरार्दो त्यानंतर गेला नाही. जिने चढवत नाहीत, म्हणाला.

पोरं हरत होती, आणि तळाला राहिली तर पुन्हा खालच्या विभागात उतरावं लागणार होतं. टीव्हीवरचे लोक गावाचं नाव चुकीचं उच्चारत होते आणि 'चिमुकला संघ' म्हणून गोड हसत होते. मंगळवारी सकाळी बारमध्ये सामन्याबद्दल कुणी बोलत नसे. पूर्वी हरलो तरी भांडायला मजा यायची. गोलरक्षकाच्या काकूचा उद्धार व्हायचा, कारण काकू समोरच्या टेबलावर बसलेली असायची. आता गोलरक्षक कुठल्या देशाचा, हेही नीट ठाऊक नव्हतं.

मार्च महिन्यात, मरियामातेच्या सणाच्या दिवशी, गेरार्दोनं एक उद्योग केला. वेदीपुढे मेणबत्ती लावून त्यानं नवस बोलला, संघ वरच राहू दे, माझी वहिनी पुन्हा कॉफी सोडेल. आणि बारमध्ये येऊन सगळ्यांना सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी फिलोमेनापुढे जवाचं पाणी आलं.

"पास्क्वाले, हे काय?"

"नवस आहे ना, दोन्ना."

"मी नाही बोलले."

"तुमच्या नावानं बोललाय. मातेच्या दरबारी नोंद झाली. आता मी कॉफी दिली तर पाप माझ्या डोक्यावर."

ती फादर एलीजोंकडे गेली. फादर म्हणाले, "दुसऱ्याच्या नावानं बोललेला नवस लागत नाही, बाई. ज्याचा त्यानं बोलायचा." मग त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, कानाची पाळी ओढली. "पण मे महिन्यापर्यंत काढता आलं तर... नाही, म्हणजे, धर्माचं नाही सांगत. सामान्य माणूस म्हणून सांगतो."

फिलोमेना कुणाशी भांडणारी बाई नव्हती. ती ते पाणी प्यायली. पण आता ते जड जात होतं. रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन बसली की शेवटच्या मण्याला बोटं थांबत. नऊ वर्षं ती तिथं काय मागत होती, ते तिला पक्कं माहीत होतं. आता गाव समजत होतं की ती संघ वर राहावा म्हणून मागतेय, आणि तिच्या आतून एक आवाज म्हणत होता, खाली येऊ देत गं पोरं. घरी येऊ देत. हे मागणं पाप होतं; आपल्याच पोरांचा पराभव कोण मागतं? पण उलटं मागणं खोटं होतं. नवसातलं खोटं तिनं आजवर केलं नव्हतं.

मोसमातला शेवटचा सामना आला. सगळे सामने एकाच वेळी खेळायचे असल्यामुळे कितीतरी महिन्यांनी रविवार, दुपारी तीन. हरलो नाही की वर राहतो, असं गणित. सकाळच्या प्रार्थनेनंतर चौकात सामन्याला जाणारी बस उभी होती, लोक तिला झेंडे बांधत होते. फिलोमेना बारमध्ये शिरली आणि काउंटरवर हात ठेवला.

"एक कॉफी."

पास्क्वालेनं हातातला कप खाली ठेवला.

"दोन्ना फिलोमेना," पास्क्वाले खालच्या आवाजात म्हणाला, "संध्याकाळी. पाहिजे तेवढी. जन्मभर फुकट. आज नको."

"आजच पाहिजे."

"अहो, का पण?"

"कारण पोरं वर राहावीत असं मला वाटतं की नाही, हेच मला कळत नाही. मग त्यासाठी उपास करून मातेपुढे कुठल्या तोंडानं उभी राहू? ती काय आंधळी आहे?"

कोपऱ्यातून गेरार्दो काठी टेकत उठला. चेहरा लाल. "वहिनी! गावासमोर असं बोलता? दादा असता तर काय म्हणाला असता?"

"तुमचे दादा त्या आकड्याच्या खुर्चीवर बसले असते का, भावजी?"

गेरार्दो काठी टेकत पुन्हा खुर्चीवर बसला. पास्क्वालेचा हात मशीनच्या दांड्यापर्यंत गेला आणि मागे आला. "माझ्या हातून नाही व्हायचं, दोन्ना. हरलो तर गाव माझी खिडकी फोडेल."

"फोडू नये कुणी," ती म्हणाली. "मी घरी करते. जे होईल ते माझ्या डोक्यावर."

तिनं घरी चुलीवर छोटं भांडं ठेवलं. कॉफीचा खळखळाट झाला, वास घरभर पसरला. साव्हेरिओच्या फोटोपुढून तिनं त्याचा जुना रेडिओ उचलला, थर्मास भरला आणि जुन्या मैदानाकडे चालू लागली. फाटकाला साखळी होती, पण अंजिराच्या झाडामागचं भगदाड गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गवत घोट्यापर्यंत वाढलेलं. गोलच्या खांबावर कबुतरं. आणि तिसऱ्या पायरीवर, आपल्या जागेवर, गेरार्दो बसलेला.

"बस चुकली," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

"बस तुमच्या दारावरून जाते."

"म्हणूनच तर चुकली."

ती आपल्या जागी बसली. मधल्या मोकळ्या जागेत तिनं रेडिओ ठेवला. पायरीवर लुपिनीच्या वाळलेल्या सालांचा लहानसा ढीग होता, आणि तो एका दिवसाचा नव्हता.

"रोज येता?"

"रविवारी. सवय जात नाही," गेरार्दो म्हणाला. मग काठीच्या टोकानं त्यानं पायरीवर रेघा ओढल्या. "वहिनी, नवस मी तुमच्या नावानं का बोललो, विचारलं नाहीत तुम्ही."

"का?"

"माझ्या नावानं बोलायला गुडघे टेकले होते. तोंडातून निघेना. माझ्याच मनात खोट होती. म्हटलं, वहिनी पवित्र बाई, तिच्या मनात असलं काही येणार नाही. तिचंच नाव घालावं."

फिलोमेनाला हसू आलं. "म्हणजे दोघंही चोर. आणि जवाचं पाणी प्यायले मी एकटी!"

तिनं थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली, आधी त्याला दिली, मग स्वतः घेतली. रेडिओवर सामना सुरू झाला. दोघंही अशी बसली होती, जसं काही आपलं त्यात काही नाही. आणि दहा-बारा मिनिटांतच पिवळ्या-हिरव्यांनी गोल मारला.

गेरार्दोची काठी दोन पायऱ्या खाली उडाली. फिलोमेना उभी राहून ओरडत होती, कॉफी चांगल्या कोटावर सांडलेली. कबुतरं उडाली. दोघं एकमेकांकडे बघत राहिली, चोरी पकडल्यासारखी.

"हे काय, वहिनी?"

"मला काय माहीत! तुम्ही का उडालात?"

"आपलीच पोरं ना शेवटी."

मग ती बसली नाहीत. दुसऱ्या अर्ध्यात बरोबरी झाली. तरी चालत होतं. फिलोमेनाच्या बोटांत जपमाळ आली, पण ती काही मागत नव्हती, नुसते मणी सरकवत होती. तुला जे दिसतंय ते कर. शेवटी शेवटी रेडिओवरचा माणूस एकदम मोठ्यानं बोलू लागला. पेनल्टी, समोरच्या संघाला. गेरार्दोनं डोळे मिटले. लांबच्या शहरातला गलका त्या लहानशा पेटीतून आला, आणि मग कळलं की तो आपल्या माणसांचा नव्हता.

संघ खाली आला होता.

गेरार्दोनं रेडिओ बंद केला. फिलोमेनाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. जे मनाच्या कोपऱ्यात मागितलं होतं तेच झालं होतं, आणि तरी ती रडत होती, जशी इथंच, याच पायरीवर, वडिलांच्या खोक्यावर उभी राहून रडायची. गेरार्दोही नाक पुसत होता.

"वर्षभर हरलो, एकदा रडलो नाही," तो म्हणाला. "आज बघा."

"आज घरी होतो ना," ती म्हणाली.

समुद्रावरून वारा आला, अंजिराची पानं हलली. गेरार्दोनं मैदानाकडे पाहिलं. "सप्टेंबरात गवत कापतील. दुपारी तीन."

"पास्ता लवकर टाकायला हवा."

थर्मासमध्ये घोटभर कॉफी उरली होती. तिनं ती झाकणात ओतली, सावकाश, एक थेंब न सांडता प्यायली आणि झाकण घट्ट लावलं.

"ही शेवटची."

"म्हणजे?"

"उद्यापासून सोडली."

"कशासाठी आता?"

फिलोमेनानं तर्जनी आभाळाकडे केली.

गेरार्दोनं बोटाच्या रोखानं वर पाहिलं. आधी मिशा हलल्या, मग खांदे, मग तो इतका हसला की खोकला लागला. "वहिनी, या वेळी माझंही नाव घाला."

"नाही हं, भावजी. ज्याचा नवस त्यानं बोलायचा. तुमचं तुम्ही काहीतरी सोडा. वाईन सोडा."

"वाईन?" तो घाबरून म्हणाला. "तिथं जायचंय वहिनी, स्वर्गात नाही!"

ती हसली, दोन पायऱ्या उतरून त्याची काठी उचलून आणली आणि त्याच्या हातात दिली. भगदाडातून बाहेर पडताना तिला चौकाकडून पास्क्वालेच्या मशीनमधल्या कॉफीचा वास आला. तिनं तो छातीभरून घेतला, आणि कितीतरी महिन्यांनी तिला काय मागायचं ते पक्कं आठवलं.