हमाल कोणासाठी थांबतो

चालत्या गाडीला आडवं जाणं हे वहिनींचं काम होतं. चौघांच्या कारखान्यात कामं वाटून घेतली तेव्हा यंत्रं नवऱ्याकडे गेली, संगणक धाकट्या दिराकडे, वेल्डिंग मिस्त्रींकडे आणि पत्रव्यवहार वहिनींकडे. पत्रं काही दिवसभर येत नाहीत. त्यामुळे गाडीपुढे चालून दाखवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं.

गाडीचं नाव हमाल. सहा चाकं, वर सपाट पत्रा, पुढे दोन कॅमेरे, आणि चालवायला कोणी नाही. लष्कराचं पाणी, धान्य, औषधांच्या पेट्या खालच्या तळावरून वरच्या चौकीपर्यंत एकट्याने न्यायच्या, एवढीच त्याची नोकरी. आधी हे लोक गोदामातल्या ढकलगाड्या बनवत. एकदा लष्कराचे दोन अधिकारी कारखान्यात येऊन गेले आणि नवऱ्याची छाती जी फुगली, ती अजून उतरली नव्हती.

मागच्या अंगणात चाचण्या चालत. मिस्त्रींची दोन बोटं एकदा ढकलगाडीखाली गेली होती, तेव्हापासून नवऱ्याचा दंडक होता की पिवळं जाकीट घातल्याशिवाय अंगणात कोणी पाऊल टाकायचं नाही. एकदा तर सख्ख्या आईला त्याने दारातच थांबवून जाकीट चढवलं होतं. म्हातारीने ते घातलं, पण महिनाभर लेकाशी धड बोलली नाही.

वहिनी हमालापुढून चारशेहून जास्त वेळा चालल्या होत्या. पहिल्या दिवशी डोळे गच्च मिटून. हमाल तीन पावलांवर थांबला. पुढे भीड चेपली आणि त्या चहाचा कप हातात घेऊन, फोनवर बहिणीशी गप्पा मारत आडव्या जाऊ लागल्या. हमाल दर वेळी तीन पावलांवर थांबायचा. माहेरच्या माणसांवरही त्यांचा एवढा विश्वास नव्हता.

त्या मंगळवारी सकाळी त्यांचं जाकीट धुऊन वाळत घातलेलं होतं. अंगणाच्या पलीकडे बादली राहिली होती. दोन मिनिटांचं काम, म्हणून त्या राखाडी स्वेटरवरच निघाल्या. हमाल फेऱ्या मारत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मिस्त्रींनी त्यांच्या नावाने हाक मारली नाही, नुसताच आवाज काढला. मग गाडी लांबून थांबवायचं लाल बटण दाबल्याचा खटका ऐकू आला. वहिनींनी वळून पाहिलं तेव्हा पत्र्याची कड त्यांच्या कोपराला टेकलेली होती. हमालाने आपणहून वेग जरासुद्धा कमी केलेला नव्हता. वहिनी तिथेच जमिनीवर बसल्या.

दीर संगणकापुढे बसला. हमालाच्या कॅमेऱ्यातलं चित्र त्याने मागे नेऊन पाहिलं.

"काय दिसलं त्याला?" नवऱ्याने विचारलं.

"झुडूप."

"कुठलं झुडूप? अंगणात गवताची काडी नाही."

"वहिनी." त्याने मान वर केली नाही. "लष्करवाल्यांची तक्रार होती ना, गाडी प्रत्येक झुडपापाशी अडते म्हणून? मी त्याला झुडपावरून जायला शिकवलं. आणि माणसांचे जेवढे फोटो दाखवले, ते सगळे इथलेच. या अंगणातले. सगळी माणसं जाकिटातली."

नवऱ्याला ते पटेना. त्याने लोखंडी घोडीवर आपला सदरा अडकवून ती अंगणात उभी केली. हमाल तिला पाडून सरळ पुढे गेला. मग त्याने एका रिकाम्या स्टुलाला पिवळं जाकीट घातलं. हमाल तीन पावलांवर अदबीने थांबला. चौघेजण त्या स्टुलाकडे बघत राहिले.

"आपण त्याला माणूस शिकवलाच नाही," दीर म्हणाला. "जाकीट शिकवलं."

मग सगळ्यांना एकदमच आठवलं. पहिला हमाल पंधरा दिवसांपूर्वीच हाच प्रोग्राम घेऊन डोंगरातल्या तळावर गेला होता. रोज फेऱ्या करत होता. वहिनींच्या मनात आलं, आपल्या कोपराला जे टेकलं, ते तिथे कोणाच्या पाठीला टेकत असेल.

नवऱ्याने दार लावून घेतलं. "आठवडाभरात दुरुस्त करू. नवा प्रोग्राम पाठवू, सुधारणा म्हणून. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. काही झालं असतं तर कळलं असतं आपल्याला."

"अहो, आणि आठवड्यात काही झालं तर?"

"आणि आत्ता सांगितलं तर? उद्या इथे कुलूप लागेल. पुन्हा कोण उभं करील आपल्याला दारात?"

वहिनींना त्याचा राग आला नाही, हेच अवघड होतं. तोही घाबरलेला होता. आठ वर्षं त्याने या पत्र्याच्या छताखाली घासली होती, वरच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता आणि या वयात मिस्त्रींना दुसरीकडे कोणी उभं केलं नसतं. सगळं वहिनींना कळत होतं. पण कोपराला पत्र्याची कड अजून जाणवत होती, आणि ते काही ऐकून घेईना. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला.

तळावर सामान सांभाळणाऱ्याला सगळे कोठीवाले म्हणत. खुशाली विचारायला वहिनी त्यांना दर दोन दिवसांनी फोन करायच्या, त्यामुळे ओळख झाली होती.

"वहिनी, तुमचा हमाल एकदम झकास," कोठीवाले म्हणाले. "फक्त जरा शिष्ट आहे. माझ्यासाठी तेवढा थांबतो, बाकी कोणाला विचारत नाही. पोरंच बाजूला उड्या मारतात. आम्ही म्हटलं, लष्करी गाडी आहे, सामानाला वाट द्यायची असेल."

"आणि जाकिटं? पेटीत आठ दिली होती."

"पिवळं जाकीट घालून डोंगरात फिरायचं, म्हणजे लांबून नेम धरायला सोपं. पेटीतच आहेत. मी एकटा घालतो, कोठीत गारठा असतो म्हणून."

वहिनींनी डोळे मिटले. "हमाल आत्ता कुठे आहे?"

"वर गेलाय. दहा मिनिटं झाली."

"थांबवा त्याला. त्याला माणूस दिसत नाही. फक्त जाकीट दिसतं. खरं सांगतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कोठीवाल्यांचा आवाज बदलला. "एरवी तो पहाटेच जातो, आज उशीर झाला. या वेळेला त्या वाटेने गावातल्या बाया लाकडं घेऊन खाली येतात. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी. डोक्यावर मोळी घेऊन उडी कुठे मारणार त्या?"

"लाल बटण?"

"एवढ्या लांब चालत नाही." ते धावायला लागले होते. खडीवर बूट वाजत होते. "वाट वळसा घेते. मी मधून चढतो."

वहिनींनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. मिस्त्री, दीर, नवरा, तिघे जवळ आले. नुसता धापा टाकल्याचा आवाज येत होता. एकदा दगड घरंगळले. एकदा कोठीवाले कोणावर तरी ओरडले, "मागं व्हा, मागं व्हा." आणि मग चाकांचा आवाज. तो आवाज खोलीतल्या चौघांनाही झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

"वहिनी, पुढ्यात उभा राहतोय."

दिराने फोनवर झडप घातली. "जाकीट स्वच्छ आहे का? रंग दिसतोय का?"

"कोठीत काम करतो रे बाबा. मळणारच."

दिराचा चेहरा पांढराफटक पडला. मळलेल्या जाकिटावर त्यांनी एकही चाचणी घेतली नव्हती. वहिनी स्वतः दर सोमवारी चारही जाकिटं धुऊन टाकायच्या. "बाजूला व्हा," त्या ओरडल्या, "बायांना मागे पळू द्या, तुम्ही बाजूला व्हा." पण पलीकडे कोणी ऐकत नव्हतं. चाकांचा आवाज वाढत गेला. मिस्त्रींनी राहिलेल्या तीन बोटांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. वहिनींना वाटलं, आपण फोन ठेवून द्यावा, म्हणजे पुढचं ऐकावं लागणार नाही.

चाकं थांबली.

पलीकडे एक खटका वाजला. "थांबला," कोठीवाले म्हणाले. "एक पाऊल राहिलं होतं. एकच. बटण दाबलंय आता." मागे एक बाई मोठ्याने रडत होती आणि दुसरी तिला उगी म्हणत होती.

नवरा खुर्चीच्या पाठीला टेकला. त्याने घाम पुसला आणि अगदी हळू, जणू घरातलंच काही सांगावं तसं म्हणाला, "झालं. वाचलं सगळं. आता त्यांना म्हणावं, गाडी बंद ठेवा, सुटा भाग पाठवतोय. बाकी बोलू नकोस."

फोनमधून कोठीवाल्यांनी विचारलं, "वहिनी, असे किती दिलेत तुम्ही?"

"एकच."

"साहेब म्हणत होते, पुढच्या महिन्यात वीस येणार. लोकवस्तीतून न्यायचेत." ते थांबले. "साहेब आलेत इथे, धावत. बोलता का तुम्ही? मला हे नीट सांगता यायचं नाही."

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने फोनवर तळहात ठेवला होता. दाबला नव्हता, नुसता ठेवला होता. वीस गाड्यांची ऑर्डर त्यालाही आत्ताच कळली होती. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ती बातमी अशी यावी, याचं वहिनींना फार वाईट वाटलं. त्यांनी त्याची बोटं एकेक करून बाजूला केली. त्याने करू दिली.

"कोण बोलतंय?" पलीकडून नवा आवाज आला.

"गाडी बनवणाऱ्या कारखान्यातून बोलतेय," वहिनी म्हणाल्या. "साहेब, आमच्या गाडीला माणूस ओळखता येत नाही. लिहून घ्या, म्हणजे मला नंतर शब्द फिरवता येणार नाही."