दाढेचा कौल

मशीनीवर माहा इश्वास नाई, हे पयलेच सांगून टाकतो. तीस वर्षं झाली, आर्वीच्या मार्केटात भैय्याजीच्या अडतीत येणारं सोयाबीन मी दातानंच पारखतो. उजवीकडची खालची दाढ. दाना ठेवायचा अन् दाबायचा. कट् करून फुटला तं माल कोरडा, दबून चपटा झाला तं ओला. ओला म्हटलं की गाडी वापस. बंडूजीनं चावलं म्हटल्यावर कोणी वाद घालत नव्हतं.

यंदा भैय्याजीची पोरगी काजल अडतीत बसाले लागली अन् तिनं ओलावा मोजाची मशीन आणली. डब्बीत दाने भरा, बटन दाबा, आकडा वाचा. मांडली तेही बरोब्बर माह्या खुर्चीजवळ. मी मनात म्हटलं, बंडू, हे तुह्या खुर्चीवर डोळा ठेवून आणलं हाय.

झालंही तसंच. मी म्हटलं ओला, मशीन म्हणे अकरा टक्के. बारापर्यंत कोरडा धरतात. मी म्हटलं, "काजल, तुही मशीन खोटी हाय." ती नुसती हासली. लेकीवानी पोरगी, पण तिचं ते हासणं मले काही आवडलं नाई.

मंग माह्या डोक्शात दुसरं बसलं. वजन वाढवाले मालावर पाणी मारणारे लोक म्या पाह्यले हाय. वर कोरडा ठेवतात, आत ओला. मशीनीत वरचाच दाना जाते, तिले काय समजते? म्हणून मी ढिगात कोपरापर्यंत हात घालून दाना काढाले लागलो. तरी रोज ओलाच निघे. म्हटलं, लेकाचे सारेच शिकले!

त्याच रागात होतो तं देऊरवाड्याची रुख्माबाई आली. साठीची बाई, एकटीच वावर पाह्यते. तिच्या ढिगातून तीन दाने काढले, तिन्ही दबले. मी चारचौघात ओरडलो, "बाई, पाणी मारून आणलं काय?"

आजूबाजूचे लोक वळून पाहाले लागले. बाईनं पदर सारखा केला. "चार दिवस उन्हात वायवलं, बंडूजी. पाणी कायले मारीन मी?"

"मंग माहा दात खोटं बोलून राह्यला काय?"

"दाताचं मले नाई माहीत. मी खोटं नाई बोलत."

काजल मधातच म्हणे, "काका, साडेदहा दाखवून राह्यली मशीन." मी म्हटलं, "भैय्याजी, तुमाले तीस वर्षं कोणी सांभाळलं, मशीननं का म्या?" भैय्याजीनं मान हालवली अन् माल वापस गेला. पोते पुन्हा भरून होईपर्यंत बाईशी कोणी बोललं नाई. पाणी मारलं म्हणजे चोरच ना ते.

दुपारी डबा खाऊन मी दाढेत काडी घालून बसलो होतो. काजल आली. "काका, रोज त्याच दाढेत अटकते ना भाजी? एकदा दाखवून या. माह्यासंगची प्रेरणा आता दाताची डॉक्टर हाय, डेपोजवळच बसते."

अस्सं! मशीन इची, डॉक्टर इची मैतरीण. दोघी मिळून माही दाढच उपटून घ्यायच्या बेतात. दाढ गेली की बंडूजी घरी! घरी येऊन बायकोले सांगतलं तं ती म्हणे, "तुमाले तं चहातही डाव दिसते. तोंडाचा वास येऊन राह्यला तुमच्या महिनाभरापासून. जा गुमान." घरचीच माणसं फितूर. म्हटलं जातोच, अन् या पोट्ट्यायचा डाव उघडा पाडतो.

डॉक्टरीण चांगली बोलत होती. तेवढ्यानंच मी सावध झालो.

"हे फिलिंग कधी केलं, काका?"

"वीस वर्षं झाली. वर्ध्याले. नस काढून चांदी भरली."

"आता दुखतं?"

"कधीच नाई! म्हणूनच सांगतो, काही बिघडलं नाई."

"नसच नाही, तर दुखणार कसं? आतून सगळं सडलं तरी हा दात तुम्हाला सांगायला येणार नाही. अन्न अडकतं का? वास? फिलिंगची कड जिभेला खरबरीत लागते का?"

तिन्ही होतं. पण मी कायले कबूल करतो? तिनं फोटो काढून दाखवला, चांदीच्या खाली काळी सावली. मी म्हटलं, "फोटोचं काय सांगता मॅडम, आजकाल मोबाईलवर टकल्याले केस आणतात." तिले राग नाई आला. "फोटो राहू द्या," म्हणे, "तुमचंच बोट ठेवा."

मी बोट ठेवलं. तिनं बारीक हत्यारानं चांदीची कड दाबली, अन् चांदी माह्या बोटाखाली हालली. पुन्हा दाबा म्हटलं. पुन्हा हालली.

"भेग पडलीय, आणि खालचा दात पोकळ झालाय," ती म्हणे. "हे बदलावंच लागेल. चावलं की आधी फिलिंग खाली दबतं."

मी बोट बाहेर काढलं. "याच्यावर सोयाबीनचा दाना ठेवला तं?"

"दाणाच नरम आहे असं वाटेल."

"कधीपासून हाय हे असं?"

"नक्की नाही सांगता येणार. वर्ष झालं असेल, दोनही झाली असतील."

दात उपटला नाई तिनं. किडलेलं कोरून काढलं, नवं भरलं, आठवड्यानं वरून टोपी बसवली. मी अडतीत गेलो, मशीननं अकरा म्हटलेला दाना उचलला अन् दाढेखाली दाबला. कट्! दुसरा, कट्! काजल पाहून राह्यली होती. या खेपेस ती हासली नाई, अन् मले वाटलं, हासली असती तं बरं झालं असतं.

तसाच देऊरवाड्याले गेलो. रुख्माबाईनं पाणी दिलं, बसा म्हटलं. मी म्हटलं, "बाई, गलती माही होती. माल तुमचा कोरडाच होता. माफ करा."

तिनं माह्या हातातला गिलास वापस घेतला. "घरात येऊन कायले सांगता, बंडूजी? चोर मले यार्डात म्हटलं. तथंच सांगा."

दोन दिवस जेवण गोड लागलं नाई. तीस वर्षांचा शब्द आपल्याच तोंडानं मातीत घालायचा, सोपं हाय काय? पण ती खरं बोलली होती. मंगळवारी ती माल घेऊन आली. लिलाव सुरू व्हायच्या आधी मी तिच्या ढिगाजवळ उभा राह्यलो अन् मोठ्यानं सांगतलं, "ऐका हो! या बाईनं पाणी मारलं नव्हतं. माल कोरडा होता. माही दाढ बिघडली होती, अन् चोर म्या बाईले म्हटलं."

कोणी हासलं नाई. बाईनं मान हालवली अन् आपला ढीग सारखा कराले लागली. मले वाटलं, सुटलो बाप्पा.

तेवढ्यात मागून एक माणूस पुढं आला. बारकासा, खांद्यावर दुपट्टा. भांडाले नाई, खरंच इचाराले आला होता.

"मंग बंडूजी, मागच्या दिवाळीत माहं वापस पाठवलं, ते?"

त्याच्या मागून आणखी एक जण उठला. मंग पलीकडच्या ढिगावरचे दोघं. मी त्या पयल्या माणसाकडं पाहून राह्यलो होतो. मले ना त्याचा माल आठवत होता, ना त्याचं नाव.