काकू म्हणजे चाळीस

"आता ही काकू कोण?" ताईने कपाळाला हात लावला.

खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं, म्हणजे प्रश्न स्क्रीनलाच होता. कोणता पेशंट कोणत्या मशीनवर किती वाजता, हे ठरवणारा डायलिसिस केंद्राचा प्रोग्रॅम अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिला आणि यंदा तो तिच्या गळ्यात पडला. आत कशाला धड नाव असेल तर शपथ! एकाचं नाव 'हे', त्याच्याखाली 'ते'. 'हे'मधून 'ते' वजा केलं की 'झालं'. काय झालं? लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आणि मधोमध ही काकू. काकू म्हणजे चाळीस. प्रत्येक पेशंटचं काम संपलं की मशीन आणखी चाळीस मिनिटं अडवून ठेवायचं, पुढच्याला द्यायचं नाही. शेजारी टीप: 'काढू नये. कारण माहीत आहे.'

"कोणाला माहीत आहे? माझ्या आत्याला?"

मॅनेजरने सकाळीच फर्मान काढलं होतं. "चाळीस मिनिटं मशीन नुसतं बसून राहतं. काढून टाका ती काकू. वेटिंगवरची सहाही माणसं बसतील. पाचपर्यंत मला नवा तक्ता हवा."

माणूस चिडका होता, पण बोलणं खोटं नव्हतं. त्या सहांत एक शिंपी होता. आठवड्यातून तीनदा तो तीन तासांवरच्या गावाला बसने जायचा, तिथे सुया टोचून घ्यायचा आणि अर्धमेला होऊन तीन तास परत यायचा. दर सोमवारी खिडकीशी यायचा. "ताई, लागला का माझा नंबर?" तिला 'नाही' म्हणताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिने काकू काढून पाहिली. सहाही माणसं बसली, प्रोग्रॅमने कुरकुर म्हणून केली नाही. ती धास्तावली ती त्यामुळेच. चूक दाखवली असती, तर निदान कळलं तरी असतं.

सिस्टरला विचारलं. "पहिल्यापासून असंच आहे." दुसऱ्या सिस्टरला विचारलं. "पहिल्यापासून असंच आहे." हे वाक्य केंद्राच्या पाटीवरच का रंगवत नाहीत, असं तिला वाटलं. शेवटी तिने तो भाग छापून घेतला, लॅपटॉप काखेत मारला आणि तरातरा निघाली मास्तरांकडे.

प्रोग्रॅम लिहिणारे मास्तर निवृत्त होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. ते मास्तर नव्हतेच. लोकांच्या रजेच्या अर्जातले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने सुधारून परत द्यायचे, म्हणून नाव पडलेलं. दुसऱ्यांचे स्वल्पविराम तपासणाऱ्याला स्वतः एक कारण लिहिता आलं नाही? दोन जिने चढेपर्यंत तिने सगळं भाषण तयार केलं.

दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. "ये गं. पण तुला ओळखतीलच असं नाही हं. दोन वर्षं झाली, विसरायला लागलेत."

ताईला हे कोणी सांगितलंच नव्हतं. भाषण तिने गुंडाळून ठेवलं. पण आलोच आहोत, असं म्हणून तिने कागद मास्तरांपुढे ठेवला.

मास्तरांनी चष्मा लावला. खिशातलं लाल पेन काढलं. दोन ओळी वाचल्या आणि भडकले.

"हे कोणी लिहिलंय? 'हे' काय? 'ते' काय? आणि हे बघ, 'कारण माहीत आहे'! अरे शहाण्या, माहीत आहे तर लिही की! हात झिजणार होता? उद्या तू नसलास, तर लोकांनी काय तुझ्या फोटोला विचारायचं? बोलाव त्याला इकडे!"

ताईच्या भाषणातला शब्द न् शब्द त्यांनी उचलला होता.

"काकू," ती मास्तरांच्या बायकोकडे वळली, "ही काकू कोण, तुम्हाला माहीत आहे का?"

"ही काय समोर उभी आहे," मास्तर म्हणाले.

"अहो मी नव्हे, कागदावरची." बाईंनी कागद हातात घेतला, वाचला आणि खाली बसल्या.

"आमच्या शेजारच्या काकू गं. केंद्राचा पहिलाच आठवडा. ह्यांनी तक्ता असा केला होता, की एक मिनिट फुकट जायचं नाही. केवढा अभिमान! काकूंचं आटपलं, तर पुढचा माणूस दारात उभा. तो ताटकळलाय म्हणून बाई घाईने उठल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि आपटल्या. खुबा मोडला. त्या काही परत उठल्या नाहीत." त्यांनी कागदाची घडी घातली. "दोन दिवस हे जेवले नाहीत. मी म्हटलं, कुठेतरी लिहून तरी ठेवा. तर म्हणाले, हे काय विसरण्यासारखं आहे?"

मास्तर पेनाचं टोपण लावत-काढत होते.

ताईला रडू येत होतं आणि रागही येत होता. मग ती एकदम ताठ बसली. चाळीस मिनिटं माणसाला पडून राहायचं होतं, मशीनला नाही! तिने सिस्टरला फोन लावला.

"पलंगांना चाकं आहेत ना? काम संपलं की पेशंटला न उठवता पलंगासकट शेजारच्या रिकाम्या खोलीत नेलं तर?"

"नेऊ की. नवे पलंग पडून आहेत, आणि लक्ष ठेवायला आमच्यातली एक बसेल. पण ताई, हे आधी कोणी विचारलंच नाही."

"काय विचारायचं ते कळायला नको?" ताई ओरडली.

तिथेच, जेवणाच्या टेबलावर तिने लॅपटॉप उघडला. काकूचं नाव बदलून 'उठण्याआधीची विश्रांती' केलं. मशीन मोकळं, पलंग अडवलेला. सहाही माणसं बसली. शिंपी बुधवारी, सकाळी आठला. तिने पाचच्या आत तक्ता धाडला. मग टीप लिहिली आणि मास्तरांना वाचून दाखवली.

"डायलिसिसनंतर पेशंटने चाळीस मिनिटं पडून राहायचं. केंद्राच्या पहिल्या आठवड्यात एक काकू घाईने उठल्या, चक्कर येऊन पडल्या. ही मिनिटं कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा."

"हं," मास्तर म्हणाले, "हे कसं माणसाने माणसासाठी लिहिल्यासारखं आहे." मग त्यांनी विचारलं, "आणि त्या काकू? उठल्या ना नंतर?"

त्यांची बायको चहाचे कप उचलून आत गेली.

"आता सगळे सावकाश उठतात, सर," ताई म्हणाली.